कुसुम, तुला पाटी हवी होती

मृत्यू माणसाचे सगळे दोष धुऊन नेतो, असं म्हणतात. तुझ्यात दोष पुष्कळ होते, आणि त्यांतले किती धुतले गेले हे कळायला मला मार्ग नाही. पण जो एक जायलाच हवा होता तो तेवढा मागे राहिला, आणि परवाच्या शोकसभेत सगळ्यांनी तो गुण म्हणून वाचून दाखवला.

सभा निर्वासितांच्या छावणीत, तुझ्याच शिवणवर्गाच्या बराकीत होती. शिवणाची यंत्रं भिंतीकडे सरकवून त्यांच्यावर चादरी घातल्या होत्या, त्यामुळे तुझ्यापेक्षा तीच गेल्यासारखी दिसत होती. तुझा फोटो खुर्चीवर. मागच्या भिंतीवर लावायची कागदी पताका लांब झाली, म्हणून कुणीतरी तुझी मोठी कात्री उचलली आणि सरळ कागदाला लावली. कापडाच्या कात्रीला कागद दाखवायचा नाही, यावरून तू पोरीबाळींना रडवलेलं आहेस. मी उठलेच होते. तुझ्या वर्गातल्या खेमीबाईनं हात धरून खाली बसवलं.

"बैठ, मास्टराणी. अब डांटनेवाली कौन है?"

मग रावसाहेब उठले. आपल्या महिला-सेवा संस्थेचे चिटणीस बोलायला उठतात तेव्हा त्यांच्या आवाजाला आधीच कुणीतरी हार घातलेला असतो. ते म्हणाले, "कुसुमताईंनी आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. पद नाही, मान नाही, नाव नाही. अशी निरपेक्ष सेवा..." आणि पुढे तो 'निरपेक्ष' शब्द ते पुन्हा पुन्हा घेत राहिले, लग्नाच्या पंगतीत लोक जिलबी घेतात तसा.

खेमीबाईला मराठी फारसं येत नाही, पण इतकी वर्षं तुझ्या शिव्या खाऊन जेवढं आलं तेवढं पुरेसं होतं. तिच्या सिंधीत तू 'अदी', म्हणजे ताई.

"क्या बोला? अदी ने कुछ मांगा नहीं?"

"असं म्हणतायत खरं."

"झूठ," ती म्हणाली, आणि हळू म्हणाली नाही. "मांगा था. मेरे सामने मांगा था. मैं चाय लेके खड़ी थी."

रावसाहेब क्षणभर थांबले. त्यांना तो हुंदका वाटला. मान हलवून त्यांनी दुःखाचा स्वीकार केला आणि पुढे बोलू लागले.

सभा संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. या वर्षीच्या अहवालासाठी तुझ्यावर चार शब्द लिहा म्हणाले. "भावपूर्ण लिहा, पण अर्ध्या पानात बसवा. आणि 'निरपेक्ष' हा शब्द राहून जायला नको." ते अर्धं पान मी लिहिलेलं नाही. हे त्याच्याऐवजी.

कुसुम, तू निरपेक्ष नव्हतीस. मी तुझ्याइतकी अपेक्षा असलेली बाई बदलापुरात पाहिली नाही, अंबरनाथला नाही, आणि छावणीत तर नाहीच, जिथे घरदार मागे टाकून आलेली माणसं रोज नव्यानं काहीतरी मागत होती. हे मला माहीत आहे, कारण आपली झाडाझडती मला माहीत आहे. आता ती माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

मेच्या अखेरीला माझी शाळा बंद असायची आणि तुझा वर्गही थांबलेला असायचा. नदीचं पाणी आटून गावामागचा तो पसरट खडक उघडा पडायचा. बारवीकडच्या वाडीवरच्या बायका टोपल्या घेऊन उतरायच्या. त्यांच्याकडून करवंदांचे दोन द्रोण घ्यायचे आणि खडकावर जाऊन बसायचं. पहिलं करवंद हातात धरून तू विचारायचीस, "कोंबडा की कोंबडी?" मी चुकले की माझी झाडाझडती आधी. चावल्यावर आत लाल निघतं की पांढरं, हे मला पोरवयातही कधी ओळखता आलं नाही, त्यामुळे दर वर्षी माझीच आधी व्हायची.

नियम तुझे होते. आपलं वर्ष आपण सांगायचं नाही. तुझ्या वर्षाचं काम मी सांगायचं, माझ्या वर्षाचं तू. मध्ये बोलायचं नाही. कौतुक करायचं नाही. आणि शेवटी समोरचीनं पुढल्या वर्षी काय करावं ते स्पष्ट सांगायचं. मी पहिल्यांदा कुरकुरले तेव्हा तू म्हणाली होतीस, "आपलं वर्ष आपणच सांगायला लागलं की माणूस एक तर रडतं, नाही तर त्याचा रावसाहेब होतो."

एका वर्षी तू मला म्हणालीस, "पंतोजी, यंदा तू शिकवलं नाहीस, नुसती बोललीस. छान बोललीस. मुली तुझ्या तोंडाकडे बघत होत्या, फळ्याकडे नाही. आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलीला कळत नव्हतं, तर तू तिच्याकडे ताकात पडलेल्या माशीकडे बघावं तशी बघत होतीस."

"तू कधी पाहिलंस गं?"

"नियम! मध्ये बोलायचं नाही."

स्नेहसंमेलनाचे झगे द्यायला तू शाळेत आली होतीस आणि खिडकीशी उभी राहून माझा अख्खा तास ऐकला होतास. मी आषाढापर्यंत तुझ्याशी बोलले नाही. आषाढात त्या मुलीला पुढच्या बाकावर आणलं. आज ती मोरिवलीच्या शाळेत स्वतः शिकवते, आणि माझ्यापेक्षा कमी बोलते. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. नियमात बसत नव्हतं. नियम किती सोयीचे असतात ते बघ.

तुझ्या वर्षांबद्दल मीही हात राखून बोलले नाही. छावणीतलं तुझं पहिलं वर्ष आठवतं? तू शिवणाचं पुस्तक घेऊन गेली होतीस आणि त्यातली झबली, टोपरी, परकर-पोलकी अनुक्रमानं शिकवत होतीस. त्या सिंधी बायकांनी ती झबली हातात उलटसुलट करून पाहिली. खेमीबाई म्हणाली, "अदी, इतना छोटा आदमी हमारी बराक में एक भी नहीं." सगळी बराक हसली आणि तू घरी येऊन रडलीस. मेमध्ये मी सांगितलं, "यंदा तू बायकांना शिकवलं नाहीस, पुस्तकाला शिकवलंस. पुढल्या वर्षी आधी त्यांच्याकडून शिक." तू ओठ चावलास, पण मध्ये बोलली नाहीस.

आणि जूनमध्ये तू खेमीबाईसमोर जमिनीवर बसून त्यांच्या सुथणीची, म्हणजे सैल सलवारीची, बेतणी शिकलीस. मग तिला घेऊन बाजारात गेलीस. एकेका दुकानात उभं राहून, तुम्हाला कुठला माल मिळत नाही, कुठला उसवून परत येतो, हे विचारलंस. 'मास्टराणी धंदा पूछती है' म्हणून दुकानदार हसले. तू तिथेच उभी राहिलीस, त्यांचं हसून होईपर्यंत. पुढे त्याच दुकानांत तुझ्या बराकीतले पायजमे, लेंगे, शाळांचे गणवेश जाऊ लागले, आणि कितीतरी घरांत चूल त्यावर पेटू लागली. याला सेवा म्हणत नाहीत, कुसुम. याला काम म्हणतात. सेवा म्हटलं की करणारीला काही द्यावं लागत नाही.

आणि या कामाच्या शेवटी तुला काय हवं होतं, तेही तू दर वर्षी सांगितलंस. पक्क्या भिंतींचं केंद्र. शिकलेल्या बाईला सरकारी दाखला. आणि दारावर पाटी.

"पितळेची," तू म्हणालीस. "माझं नाव, आणि खाली 'व्यवस्थापिका'."

"पितळ घासावं लागतं."

"घासीन. रोज घासीन. लोक येता-जाताना बघत असतील तेव्हा घासीन."

हे बोलताना तू लाजली नव्हतीस. मला ते फार आवडलं होतं. मीच ते हसण्यावारी नेलं, कारण मी सगळंच हसण्यावारी नेते.

आता अहवाल. दर दिवाळीला संस्थेचा वार्षिक अहवाल छापला जायचा. खाली सही रावसाहेबांची, वर मजकूर तुझा, कारण वर्षभर काय झालं हे दुसऱ्या कुणाला ठाऊकच नसायचं. तू माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून लिहायचीस. 'यंदाही संस्थेच्या वतीने शिवणवर्ग चालविण्यात आला. माननीय चिटणीसांच्या मार्गदर्शनाने नवे नमुने ठरविण्यात आले व स्थानिक बाजारपेठ मिळविण्यात आली.'

"बाजारात कोण गेलं होतं?" मी विचारलं.

"मी."

"नमुने कोणी ठरवले?"

"मी नि खेमीबाईनं. का गं?"

"मग हे चिटणीस कुठून आले मध्येच?"

"अगं, अहवालात असंच लिहायचं असतं."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी सांगायला कशाला हवं? आपलं नाव आपणच लिहायचं म्हणजे आपणच आपल्याला ओवाळून घेण्यासारखं आहे. बरं दिसतं का?"

बरं दिसतं का. आपल्या घरांतून मुलीला आधी हे शिकवतात आणि मग अक्षरं. सकाळपासून राबून पुरण शिजवायचं, आणि पाहुण्यानं वाहवा केली की म्हणायचं, 'छे हो, काहीच जमलं नाही आज.' पाहुण्याला ठाऊक असतं की जमलंय, आपल्यालाही ठाऊक असतं. म्हणून घरात ते खपून जातं. तू तीच रीत उचलून छापखान्यात पाठवलीस. छापलेलं वाक्य मात्र लोक खरं मानतात. सात वर्षं तू तुझ्या कामाचं वर्णन स्वतःच्या हातानं लिहिलंस आणि त्यात स्वतःला कुठेही येऊ दिलं नाहीस. नदीवर आपण खरं बोलायचो, आणि ते वाहून जायचं. खोटं तेवढं छापून कपाटात राहिलं.

मग केंद्र खरोखरच मंजूर झालं. पगारी जागा निघाली. रावसाहेब बराकीत आले तेव्हा तू उठून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "रावसाहेब, व्यवस्थापिकेची जागा मला हवी आहे." 'मिळाली तर बरं होईल' नाही, 'आपली कृपा असेल तर' नाही. मला हवी आहे. चहा घेऊन खेमीबाई तिथेच उभी होती. "अहो, तुमचीच आहे ती!" रावसाहेब म्हणाले. "समितीचं आपलं नावाला."

समिती बराकीतच बसली. तिच्यात मुंबईहून एक बाई आल्या होत्या. त्या वाईट नव्हत्या, असं तू स्वतःच सांगितलंस. तुझं दुर्दैव एवढंच, की त्या वाचणाऱ्या निघाल्या. त्यांनी सगळे अहवाल वाचून आणले होते. "अहवालांवरून दिसतं," त्या म्हणाल्या, "की नमुने चिटणीसांनी ठरवले, बाजारपेठ चिटणीसांनी मिळवली. मग आपण नेमकं काय करत होता?"

तू रावसाहेबांकडे पाहिलंस. ते त्याच टेबलाशी बसले होते. एक वाक्य पुरलं असतं. ते वर छताकडे, पंख्याकडे बघत होते. बराकीत पंखा नाही.

"मी शिकवत होते," तू म्हणालीस.

जागा मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना मिळाली. त्यांना कारभाराचा दीर्घ अनुभव होता. पाटी लागली, पत्र्याची, आणि तिच्यावर 'व्यवस्थापक'. गृहस्थ सज्जन आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी तुला विचारलं, दोरा यंत्रात कुठल्या बाजूनं जातो. तू दाखवलास. हे तू मला हसत हसत सांगितलंस, आणि त्या हसण्याचा मला जेवढा संताप आला तेवढा रावसाहेबांचाही आला नव्हता.

म्हणून मागच्या मेमध्ये मी सगळे नियम मोडले. करवंदाचा कौल न घेताच सुरू केलं. मी ओरडत होते, पलीकडे म्हशी धूत असलेला माणूस वळून बघत होता. "वर्षानुवर्षं तू स्वतःला खोडत आलीस, आणि मग त्या खोडलेल्या जागी उभी राहून म्हणालीस, मला बघा! कुणाला दिसणार होतीस तू?"

तू शांतपणे करवंदं खात होतीस. द्रोण संपला तेव्हा म्हणालीस, "झालं? आता तुझं." आणि हात पुसून म्हणालीस, "तुमच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होतेय. तू अर्ज केला नाहीस."

"मला खुर्चीचा तिटकारा आहे. तुला माहीत आहे."

"खुर्चीचा नाही. लोकांसमोर मागून 'नाही' ऐकायचा. मी निदान मागितलं, पंतोजी. तू मागणाऱ्याला हसतेस. ते सोपं असतं."

मी चपला घातल्या आणि निघाले. तूही निघालीस. आपण एकमेकींशी न बोलता, चार हात अंतर ठेवून गावापर्यंत चालत आलो, कारण रस्ता एकच आहे. माझ्या फाटकाशी तू मागून हाक मारलीस.

"यंदाचा अहवाल मी 'मी'पासून सुरू करणार आहे. पहिलाच शब्द."

"रावसाहेब सही करायचे नाहीत."

"नाही केली तर नाही. मी करीन."

आणि तू भाद्रपदात गेलीस. अहवाल दिवाळीला असतो. मला राग कशाचा आला आहे हे लोक विचारतात. दुःख झालं पाहिजे म्हणतात. दुःख मला होतंच आहे, ते आपल्या वेळेला येतं आणि जातं. राग मात्र मुक्कामाला आहे. विषमज्वर हे काही मोठ्या माणसाला शोभेल असं मरण नाही. साथ आहे, पाणी उकळून प्या, हे तू बराकीबराकीत सांगत फिरत होतीस, आणि ज्या घरात सांगायचीस तिथेच पुढे केलेला पेला पिऊन यायचीस. कारण दिलेल्या पाण्याला नको म्हणणं बरं दिसत नाही.

मी छावणीच्या इस्पितळात भेटायला आले तेव्हा तुझ्या कपाळावर ओली पट्टी होती आणि डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोपलीस. तू म्हणालीस, "अर्ज?"

"आधी तू बरी हो. मग बघू."

"म्हणजे नाही," तू म्हणालीस.

आपल्यातलं शेवटचं बोलणं ते. मला उत्तर सुचलं, चांगलं सुचलं, पण टांगा स्टेशनाशी पोचल्यावर. आजारी माणसानं इतकं नेमकं बोलू नये, कुसुम. मागे राहणाऱ्याला मग आयुष्यभर त्या खोलीत पुन्हा पुन्हा जाऊन उभं राहावं लागतं.

यंदाचा अहवाल रावसाहेब स्वतः लिहीत आहेत. माहिती विचारायला त्यांनी मला बोलावलं. मी सांगत गेले. कुसुमनं पावसाळ्यापूर्वी गणवेशांची बेतणी संपवली. कुसुमनं नव्या बायकांचा वेगळा वर्ग सुरू केला. कुसुमनं खेमीबाईला शिकवायला उभं केलं. कुसुमनं व्यवस्थापकांना यंत्रात दोरा ओवायला शिकवलं. रावसाहेबांनी लेखणी थांबवली. "वाक्यं फार एकसुरी होताहेत," ते म्हणाले.

नियमाप्रमाणे तुझं वर्ष मी सांगितलं. नियमाप्रमाणे आता तू पुढल्या वर्षी काय करावंस, तेही मला सांगायला हवं. खूप विचार केला. सुचत नाही.

माझं वर्ष सांगायला कुणी नाही. म्हणून नियम मोडून मीच सांगते. माझ्या वर्षात कौतुक करण्यासारखं काही झालं नाही. मी चौदा पुस्तकं वाचली, त्यांतल्या तेरांच्या चुका काढल्या आणि कुणाकडे काही मागितलं नाही. मग तुझ्या तेराव्यानंतर शाळेच्या कल्याणच्या कचेरीतून अर्जाचा नमुना आणला. 'गेल्या वर्षात केलेले काम' अशी त्यात एक जागा आहे. तिथे पहिला शब्द 'मी' लिहिला. तो तिथे फार उद्धट दिसत होता, चपला घालून स्वयंपाकघरात आल्यासारखा. मी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि तसाच राहू दिला. त्याच्याखाली आणखी पाच वाक्यं लिहिली. ती सगळी त्याच शब्दापासून सुरू होतात.

तू जिंकलीस. हे तुला सांगायचं होतं, आणि आता कुणाला सांगावं ते कळत नाही. खेमीबाईला सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा किया. नहीं मिला तो फिर मांगना."

परवा कचेरीकडून अर्ज पोचल्याचं कार्ड आलं. जागा मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेची आहे. कार्डावर 'श्रीयुत' आधीच छापलेलं असतं.